दुर्गा खोटे : पडदा, रंगभूमी आणि ‘कुलीन’ या विशेषणाचे ओझे

प्रस्तावना

मराठी रंगभूमी आणि भारतीय चित्रपट यांच्या इतिहासात दुर्गा खोटे यांचे नाव आले की त्यापाठोपाठ एक ठरावीक वाक्य येते : प्रतिष्ठित, सुशिक्षित, कुलीन घराण्यातून चित्रपटात आलेल्या त्या अगदी पहिल्या अभिनेत्रींपैकी एक होत. वाक्य खोटे नाही. पण ते इतक्या वेळा उद्धृत झाले आहे की त्याच्या आड प्रत्यक्ष अभिनेत्री दिसेनाशी झाली आहे. एखाद्या कलावंताची ओळख तिच्या माहेर-सासरच्या प्रतिष्ठेवरून करून द्यावी, हा प्रघात पुरुष नटांच्या बाबतीत सहसा आढळत नाही. नानासाहेब फाटक कोणत्या घरातले, हे विचारल्यावाचून त्यांच्या आवाजाविषयी लिहिता येते. दुर्गाबाईंच्या बाबतीत मात्र घराणे आधी आणि अभिनय मागाहून येतो.

प्रस्तुत लेखात हा क्रम बदलून पाहिला आहे. दुर्गाबाईंच्या सुमारे पाच दशकांच्या कारकिर्दीत दोन गोष्टी विशेष लक्षणीय आहेत. पहिली, त्या पडद्यावर आधी आल्या आणि त्यांची रंगभूमीवरील महत्त्वाची कामगिरी नंतरची आहे. त्यांच्या समकालीन नट-नट्यांपैकी बहुतेकांचा प्रवास याच्या उलट होता. दुसरी, वय वाढत गेले तसे त्यांनी कामाचे स्वरूप बदलले, पण काम सोडले नाही. या दोन्हींचे मूळ कुलीनतेपेक्षा अर्थार्जनाच्या गरजेत आणि व्यावसायिक शिस्तीत अधिक आहे.

पूर्वपीठिका : तारामती कोण झाली?

दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या चित्रपटातील तारामतीची भूमिका साळुंके नावाच्या पुरुष नटाने केली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. स्त्री-भूमिकेसाठी स्त्री मिळाली नाही, हे त्याचे कारण. त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई (पुढे कमलाबाई गोखले) यांनी कामे केली आणि भारतीय चित्रपटात स्त्रीचा प्रवेश झाला. एकोणीस वर्षांनी, १९३२ मध्ये, ‘प्रभात’च्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटात तारामती झाल्या त्या दुर्गाबाई खोटे. एकाच भूमिकेचे हे दोन टप्पे समोरासमोर ठेवले म्हणजे मधल्या काळात काय घडले, ते स्पष्ट होते. मात्र दोन दुर्गाबाईंमधील अंतरही ध्यानात घ्यावयास हवे. पहिल्या दुर्गाबाईंचे नाव आज अभ्यासकांपुरते उरले आहे. फिरत्या नाटकमंडळीत पोटासाठी राबणाऱ्या स्त्रीला ‘पहिली’ म्हणून मान देण्यास समाज तयार नव्हता; तो मान त्याने वीस वर्षे राखून ठेवला आणि एका सॉलिसिटरच्या कन्येला दिला.

रंगभूमीवरील स्थिती याहून गुंतागुंतीची होती. बालगंधर्वांच्या स्त्री-भूमिकांनी प्रेक्षकांच्या मनात स्त्रीसौंदर्याचा जो आदर्श निर्माण केला, तो पुरुषदेहाने घडविलेला होता. केवळ स्त्रियांच्या नाटकमंडळ्या होत्या, पण त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टी वेगळी होती. हिराबाई बडोदेकर यांनी स्वतःची नाट्यसंस्था काढून स्त्री-पुरुषांनी एकत्र काम करण्याची वाट मोकळी केली. १ जुलै १९३३ रोजी ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आणले आणि ज्योत्स्ना भोळे व पद्माबाई वर्तक यांनी त्यात भूमिका केल्या. म्हणजे ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट या प्रयोगाच्याही आधीचा आहे.

इंग्लंडमध्ये स्त्रिया १६६० नंतर रंगमंचावर आल्या; १९२५ मध्ये एलन टेरी या अभिनेत्रीला ‘डेम’ हा किताब मिळाला. दोन्हींमध्ये अडीच शतकांहून अधिक अंतर आहे. रंगमंचावर येणे आणि रंगमंचावर येऊनही प्रतिष्ठित राहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे तेथेही खरे ठरले.

भोर-वेल्हे परिसरातील महाविद्यालयीन अध्यापकाला हा भेद पुस्तकात शोधावा लागत नाही. गावच्या जत्रेत तमाशा होतो, त्यात स्त्री कलावंत नाचते-गाते, आणि तिला पाहण्यास गाव लोटते. गौळणीतली मावशी मात्र पुरुषच होतो. तोच गाव आपल्या मुलीने स्नेहसंमेलनातील एकांकिकेत उभे राहावे की नाही, यावर विचारात पडतो. तालमीला उशीर होणे, शेवटची एस.टी. चुकणे ही कारणे खरी असतात. परंतु ती सांगितली जातात तेव्हा त्यांच्यामागे आणखी एक न सांगितलेले कारण असते. रंगमंचावरील स्त्री बाहेरून आलेली असली तर चालते, घरातली असली तर चालत नाही. १९३१ मध्ये मुंबईच्या उच्चभ्रू वस्तीत याहून फारसे निराळे घडले नाही.

जडणघडण आणि पहिला आघात

दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ रोजी मुंबईत झाला. माहेरचे नाव विटा लाड. वडील पांडुरंग शामराव लाड हे सॉलिसिटर, आई मंजुळाबाई. शिक्षण कॅथीड्रल शाळेत आणि पुढे सेंट झेवियर महाविद्यालयात. शिक्षण चालू असतानाच विश्वनाथ खोटे या अभियंत्याशी विवाह झाला आणि बकुल व हरीन हे दोन पुत्र झाले. पुढे सासरची आर्थिक घडी विस्कटली, तरुण वयातच वैधव्यही आले आणि दोन मुलांच्या संगोपनाचा भार दुर्गाबाईंवर पडला. इंग्रजी माध्यमातील उत्तम शिक्षण हाताशी होते. पण त्या शिक्षणाने एका स्त्रीला स्वतंत्रपणे घर चालविता येईल एवढे वेतन देणारी कामे त्या काळात मोजकीच होती.

१९३१ मधील ‘फरेबी जाल’ हा त्यांचा पहिला चित्रपट. भूमिका अगदी लहान होती. बोलपट नुकताच अवतरला होता आणि मूकपट अखेरच्या घटका मोजत होता. चित्रपट पडला, त्याहून अधिक पडली ती नवख्या अभिनेत्रीची समाजातील पत. नातेवाईक आणि ज्ञातिबांधव यांच्याकडून झालेल्या टीकेविषयी त्यांनी आपल्या ‘मी, दुर्गा खोटे’ या आत्मचरित्रात लिहिले आहे. येथे एक बाब नोंदविणे आवश्यक आहे. ज्या घराण्याच्या नावाचा पुढे त्यांच्या गौरवासाठी उपयोग झाला, त्याच घराण्याच्या नावाने प्रारंभी त्यांना दोषी ठरविले. कुलीनता हे त्यांचे भांडवल होते असे म्हणताना ती त्यांच्यावरील जप्तीही होती, हे विसरले जाते.

‘प्रभात’ : पडद्यावरची नाट्यशाळा

या आघातानंतर त्यांना लाभलेली संधी म्हणजे कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’. १९२९ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचा हा पहिला बोलपट, दिग्दर्शक व्ही. शांताराम. मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत तो तयार झाला आणि आज उपलब्ध असलेल्या मराठी बोलपटांत तो सर्वांत जुना मानला जातो.

तत्कालीन बोलपटाची निर्मितिप्रक्रिया जाणून घेतल्याशिवाय या भूमिकेचे मोल कळणार नाही. ध्वनी चित्रीकरणाबरोबरच मुद्रित होत असे. संवाद मागाहून भरण्याची सोय नव्हती. पार्श्वगायनाची पद्धती १९३५ नंतर रूढ झाली. त्यामुळे जो नट पडद्यावर दिसे, तोच बोले आणि तोच गाई. ध्वनिग्राहकाच्या कक्षेत राहून हालचाल करावी लागे. दोन भाषांतील चित्रपट म्हणजे प्रत्येक प्रसंग दोनदा वठविणे, आणि तेही प्रत्येक भाषेच्या लयीनुसार. एखाद्याने अडखळावे तर सारा प्रसंग पुन्हा. ही सर्व बंधने चित्रपटाची कमी आणि नाटकाची अधिक आहेत.

त्यात हरिश्चंद्राच्या भूमिकेत होते गोविंदराव टेंबे : गंधर्व नाटक मंडळीत वावरलेले, संगीत नाटकाची परंपरा अंगी मुरलेले नट, संगीतकार आणि हार्मोनियमवादक. म्हणून दुर्गाबाई पडद्याकडून रंगभूमीकडे आल्या हे विधान कालक्रमाने बरोबर असले तरी त्याला एक पुस्ती जोडावी लागते. त्यांना नाटकमंडळीत उमेदवारी करावी लागली नाही, परंतु ती उमेदवारी त्यांनी कॅमेऱ्यासमोर, एका नाटकवाल्याच्या शेजारी उभे राहून केली. आरंभीचा मराठी बोलपट हा संगीत नाटकाचाच दत्तक पुत्र होता.

त्याच वर्षी आलेल्या ‘माया मच्छिंद्र’मध्ये त्या स्त्रीराज्याची राणी किलोतला झाल्या. तारामतीच्या सोशिकपणानंतर लगेच ही सत्ताधारी स्त्री. पाळीव चित्त्यासह वावरणारी ही राणी प्रेक्षकांच्या दीर्घकाळ स्मरणात राहिली. पुढे १९३३ मध्ये ‘प्रभात’ने आपले बिऱ्हाड कोल्हापुराहून पुण्यास हलविले. (कोल्हापूर-पुणे रस्ता नीरा ओलांडल्यावर भोर तालुक्यातून, किकवी-कापूरहोळ-नसरापूरवरून जातो, मराठी चित्रपटाच्या दोन राजधान्या जोडणारा तो हाच रस्ता.) पुण्यातील ‘प्रभात’च्या चित्रनगरीत १९३६ मध्ये तयार झालेला ‘अमरज्योती’ हा दुर्गाबाईंच्या चित्रपटीय कारकिर्दीतील सर्वांत धाडसी चित्रपट म्हणावा लागेल. यातील सौदामिनीला कायदा तिच्या मुलाचा ताबा नाकारतो, म्हणून ती समुद्रावरील चाचांची नायिका बनून राज्यसत्तेविरुद्ध उभी ठाकते. मुलांसाठी घराबाहेर पडलेल्या स्त्रीने ही भूमिका करावी, यातील योग नोंदवून पुढे जाणेच इष्ट. भूमिकेत चरित्र शोधण्याचा मोह अभ्यासकाने आवरलेला बरा. हा चित्रपट व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात दाखविण्यात आला. ज्या जागेत तो घडला, तेथे १९६० मध्ये शासनाची चित्रपट प्रशिक्षण संस्था सुरू झाली.

मासिक वेतनाबाहेर

तीसच्या दशकात चित्रपटसंस्था कारखान्याप्रमाणे चालत. दिग्दर्शकापासून सुतारापर्यंत सर्वांना महिन्याचा पगार, आणि नटाने अन्य संस्थेत काम करावयाचे नाही, अशी रीत होती. दुर्गाबाईंनी ही रीत मानली नाही. कोल्हापूरनंतर त्या कलकत्त्यास गेल्या. न्यू थिएटर्सच्या ‘राजरानी मीरा’त (१९३३) आणि ईस्ट इंडिया फिल्म कंपनीच्या ‘सीता’त (१९३४) त्यांनी देबकी बोस यांच्या दिग्दर्शनाखाली कामे केली. ‘सीता’ही व्हेनिसला दाखविला गेला. त्यानंतर पुन्हा ‘प्रभात’, पुन्हा मुंबई. एका संस्थेशी बांधून न घेता प्रत्येक चित्रपटाचा स्वतंत्र करार करणे आज नित्याचे आहे; तेव्हा ते अपवादात्मक होते, आणि स्त्रीने तसे करणे तर अधिकच. १९३७ मध्ये ‘साथी’ या चित्रपटाच्या निर्मितीची जबाबदारीही त्यांनी उचलली.

या स्वातंत्र्याला किंमत होती. पगार नाही म्हणजे हमी नाही. दोन मुलांची आई हमी सोडून करार पत्करते, यामागे आत्मविश्वास असतो तसा हिशेबही असतो. दुर्गाबाईंच्या लेखनात पैशांविषयीचा संकोच फारसा दिसत नाही, ही त्यांच्या आत्मचरित्राची एक दुर्लक्षित खूण आहे. हंसा वाडकर यांचे ‘सांगत्ये ऐका’ आणि ‘मी, दुर्गा खोटे’ ही दोन आत्मचरित्रे शेजारी ठेवून शिकविल्यास एकाच व्यवसायातील दोन स्त्रियांना मिळालेली वागणूक किती भिन्न होती, ते विद्यार्थ्यांना कळू शकेल. हंसाबाईंना नाव बदलून पडद्यावर यावे लागले, आणि दुर्गाबाईंना सासरच्या आडनावासकट येता आले. ‘कुलीन’ या विशेषणाने जर काही दिले असेल तर ते हेच : स्वतःचे नाव शाबूत ठेवण्याची मुभा.

सासू, सावत्र आई, महाराणी

१९४१ मध्ये आचार्य अत्रे यांच्या ‘पायाची दासी’त (हिंदीत ‘चरणों की दासी’) दुर्गाबाई खाष्ट सासू झाल्या. सून होत्या वनमाला. दुर्गाबाईंचे वय तेव्हा छत्तीस होते. नायिकेच्या भूमिका अद्याप शक्य असताना आपण होऊन दुष्ट प्रौढेची भूमिका पत्करणे, हा त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत दूरदर्शी निर्णय ठरला. या भूमिकेबद्दल, तसेच ‘भरत मिलाप’मधील (१९४२) कैकेयीबद्दल त्यांना बंगालच्या चित्रपट पत्रकार संघटनेचे पुरस्कार मिळाले. १९४३ च्या ‘पृथ्वीवल्लभ’मध्ये सोहराब मोदींसमोर त्यांनी मृणालवती उभी केली. कैकेयी, मृणालवती आणि ती सासू या तिन्ही भूमिकांत एक साम्य आहे. या स्त्रिया हुकूम देतात. हिंदी चित्रपटातील आई पुढे अश्रूंशी एकरूप झाली. दुर्गाबाईंच्या आईला मात्र आवाजात जरब राखून रडता येई.

‘मुघल-ए-आझम’मधील (१९६०) जोधाबाई हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. समोर अकबराच्या भूमिकेत पृथ्वीराज कपूर. १९३४ च्या ‘सीता’त हेच दोघे राम आणि सीता होते. सव्वीस वर्षांनी तेच जोडपे पुन्हा सिंहासनाजवळ उभे आहे. पुन्हा राजधर्म आणि घर यांत संघर्ष आहे. या वेळी पतीच्या निर्णयापुढे पत्नी भूमीत सामावत नाही, ती मुलाची बाजू मांडते. दोन्ही चित्रपट सलग पाहिल्यास अभिनयशैलीतील स्थित्यंतर जितके समजते, तितके कोणत्याही इतिहासग्रंथातून समजणे कठीण.

रंगभूमी : आनंदीबाई आणि लेडी मॅकबेथ

१९३५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई मराठी साहित्य संघाने, विशेषतः डॉ. अ. ना. भालेराव यांच्या प्रयत्नांनी, मराठी रंगभूमीच्या पडत्या काळात नाट्यमहोत्सवांची परंपरा सुरू केली. बोलपटाने नाटकमंडळ्या मोडीत काढल्या होत्या. आता बोलपटाचीच एक अभिनेत्री नाटक उभे करण्यासाठी येत होती. इतिहासाने केलेली ही परतफेड म्हणता येईल. भारतीय जननाट्य संघाशीही त्यांचा संबंध राहिला.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘भाऊबंदकी’त (१९०९) दुर्गाबाईंनी आनंदीबाई केली. नारायणराव पेशव्यांचा ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात झालेला खून हा नाटकाचा विषय. ‘ध’चा ‘मा’ केल्याची दंतकथा मराठी मनात इतकी रुजलेली आहे की आनंदीबाई म्हणजे कपट, हे समीकरण प्रेक्षक घरूनच घेऊन येतो. खाडिलकरांवरील शेक्सपिअरचा प्रभाव सर्वमान्य आहे, आणि आनंदीबाईच्या रेखाटनामागे लेडी मॅकबेथची छाया आहे, हे समीक्षकांनी दाखविले आहे. म्हणून या भूमिकेनंतर १९५४ मध्ये दुर्गाबाईंनी वि. वा. शिरवाडकर यांच्या ‘राजमुकुट’मध्ये, म्हणजे ‘मॅकबेथ’च्या रूपांतरात, मुख्य स्त्री-भूमिका करावी, हे क्रमप्राप्तच होते. आधी छाया, मग मूळ आकृती.

‘राजमुकुट’चे दिग्दर्शक होते हर्बर्ट मार्शल हे ब्रिटिश रंगकर्मी, लंडनच्या युनिटी थिएटरशी त्यांचा निकटचा संबंध होता. नायकाच्या भूमिकेत नानासाहेब फाटक. एकाच प्रयोगात तीन शाळा एकत्र आल्या : फाटकांची भारदस्त, शब्दप्रधान मराठी परंपरा, मार्शल यांची युरोपीय दिग्दर्शनपद्धती, आणि दुर्गाबाईंचा पडद्यावर घडलेला अभिनय.

लेडी मॅकबेथ ही भूमिका लांबीने मोठी नाही. पहिल्या अंकात पत्र वाचीत ती येते. तिसऱ्या अंकातील मेजवानीनंतर नाहीशी होते आणि एकदम पाचव्या अंकाच्या आरंभी, झोपेत चालत, हात धुतल्याचा आविर्भाव करीत प्रकटते. मधला सारा ऱ्हास रंगमंचाबाहेर घडतो. प्रेक्षकाने तो पाहिलेला नसतो. नटीने तो एका प्रवेशात गृहीत धरावयास लावायचा असतो. नाटकाचा नट सलग चढत जाणाऱ्या भावालेखाला सरावलेला असतो. चित्रपटात मात्र प्रसंग क्रमाने चित्रित होत नाहीत. शेवट आधी, आरंभ मागाहून, आणि मधला दुवा नटाने मनात जपायचा. तुटक प्रसंगांतून अखंड व्यक्ती उभी करण्याची ही सवय लेडी मॅकबेथला नेमकी उपयोगी पडणारी आहे. पडद्याच्या अनुभवाने रंगभूमीवरील अभिनय उथळ होतो, अशी एक तक्रार मराठीत जुनी आहे. या भूमिकेची रचना पाहता ती सरसकट मान्य करता येत नाही.

तुलनेसाठी पेगी ॲशक्रॉफ्ट (१९०७–१९९१) या ब्रिटिश अभिनेत्रीकडे पाहता येईल. १९२६ मध्ये तिने रंगभूमीवर पदार्पण केले, १९३५ मध्ये ज्युलिएट केली, १९५६ मध्ये ती डेम झाली. त्याच १९३५ मध्ये हिचकॉकच्या ‘द थर्टी नाइन स्टेप्स’मध्ये तिची एक छोटी, लक्षात राहणारी भूमिका होती, पण पडद्याने तिला खऱ्या अर्थाने ओळखले ते १९८४ मध्ये, ‘अ पॅसेज टू इंडिया’तील मिसेस मूरमुळे, आणि त्यासाठी तिला ऑस्कर मिळाले. तिच्यामागे नाट्यशिक्षण देणारी शाळा होती, वर्षभर चालणारी नाट्यगृहे होती. दुर्गाबाईंच्या मागे यांपैकी काहीही नव्हते. साहित्य संघाचे स्वतःचे नाट्यगृह उभे राहिले तेच मुळी १९६४ मध्ये. ॲशक्रॉफ्टला रंगभूमीने पोसले आणि पडदा तिच्याकडे उशिरा आला. दुर्गाबाईंना पडद्याने पोसले, आणि त्या कमाईच्या आधारावर त्या रंगभूमीकडे गेल्या. मराठीत गंभीर नाटक करणाऱ्या कितीतरी नटांचे अर्थकारण पुढे याच वाटेने चालले.

उत्तरकाळ

१९५८ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६८ मध्ये पद्मश्री हे सन्मान त्यांना लाभले. दुर्गाबाईंचे पुत्र हरीन यांचा विवाह विजया जयवंत यांच्याशी झाला होता. हरीन यांचे अकाली निधन झाले. याच विजयाबाई १९६० मध्ये ‘रंगायन’च्या संस्थापकांपैकी एक झाल्या आणि पुढे विजया मेहता या नावाने मराठी प्रायोगिक रंगभूमीच्या अग्रणी दिग्दर्शिका म्हणून ओळखल्या गेल्या. ‘रंगायन’च्या पहिल्या पर्वात त्यांचे नाव विजया खोटे असे छापले जाई. ज्या आडनावाने १९३१ मध्ये चित्रपटात पाऊल टाकल्याबद्दल निंदा सोसली, ते तीस वर्षांनी नव्या नाटकाच्या जाहिरातीवर होते, आणि त्याविषयी कोणी चकार शब्द काढला नाही.

सत्तरच्या दशकात ‘बॉबी’, ‘अभिमान’ (दोन्ही १९७३) यांसारख्या चित्रपटांतून नव्या पिढीने त्यांना प्रेमळ वृद्धा म्हणून ओळखले. ‘बिदाई’मधील (१९७४) भूमिकेसाठी सहायक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले, तेव्हा त्या सत्तरीला पोहोचल्या होत्या. १९८२ मध्ये आत्मचरित्र आले. १९८३ साठीचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना जाहीर झाला. ज्यांच्या चित्रपटात तारामती पुरुष होती, त्यांच्या नावाचा पुरस्कार बोलपटातील तारामतीला मिळाला. दरम्यान लघुपट आणि जाहिरातपट करणारी त्यांची निर्मितीसंस्था काम करीतच होती. आर. के. लक्ष्मण यांच्या सामान्य माणसाच्या विश्वावर आधारलेली, कुंदन शाह दिग्दर्शित ‘वागळे की दुनिया’ ही दूरदर्शन मालिका १९८८ मध्ये याच दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सने सादर केली. मूकपटाच्या अखेरच्या काळात सुरू झालेला व्यवसाय अशा रीतीने दूरचित्रवाणीपर्यंत चालत आला.

२२ सप्टेंबर १९९१ रोजी दुर्गाबाईंचे निधन झाले. त्याच वर्षी १४ जून रोजी पेगी ॲशक्रॉफ्टही गेली होती. ‘मी, दुर्गा खोटे’चा शान्ता गोखले यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २००६ मध्ये प्रसिद्ध झाला.